लाज सोडून

“सांग की मॅडमला! तोंड कावून शिवलंय?” सारजाबाईनं सुनेला कोपरानं ढोसलं.

एरवी शेळ्यांवर ओरडली की स्वप्नाचा आवाज शिवारभर जायचा. आज बीडच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंसमोर मात्र तिची वाचाच बसली होती. पाचवा महिना चालू होता. पहिलं लेकरू दिवस भरायच्या आत आलं, मूठभर जिवाचं, आणि आठवडाही काढू शकलं नाही. हे दुसरं जगवायचंच, असं सारजाबाईनं मनाशी पक्कं केलं होतं. म्हणून तर सुनेच्या परकरावरचे डाग दिसले, तशी ती तिला घेऊन चकलांब्याहून निघाली होती.

शेवटी तिनंच लाज गुंडाळून ठेवली. “अंगावरून पांढरं जातंय तिच्या. वास बी येतुय. पन सांगंना. पिशवी काढत्याल म्हनून भेलीय.”

“पिशवी काढतात, असं कुणी सांगितलं?”

“माझी काढली न्हवं! ह्येच दुखनं हुतं. क्यान्सर हुईल म्हनले. माझा हरिओम, हिचा नवरा, रांगत हुता तवा.”

 डॉक्टरीणबाईंनी स्वप्नाला आत नेऊन तपासलं, नमुना लॅबमध्ये पाठवला. दुपारी रिपोर्ट आला.

“आत नको ते जंतू वाढलेत, मावशी. अंगावर काढलं तर लेकरू लवकर होऊ शकतं, वजनाला कमी भरू शकतं. गोळ्या देते, मग पुन्हा तपासू. पिशवीला हातही लावायचा नाही.”

“गोळ्यांनी जातंय ह्ये?”

“बहुतेकींचं जातं.”

सारजाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. पण जाब विचारावा असं समोर कुणीच नव्हतं. तिनं पदर खोचला.

“गोळी जेवनाआदी का जेवल्यावर, ते नीट सांगा,” ती म्हणाली.

घरी सून गोळी गिळेपर्यंत ती समोरून हलायची नाही. शेळ्यांमागे स्वतः गेली, सुनेला मात्र एकही तपासणी चुकवू दिली नाही.

दिवस पुरे भरले आणि मुलगी झाली. नर्सनं तिला काट्यावर ठेवलं.

“दोन किलो आठशे! मस्त वजन हाय, आजी. मग रडता कावून? नात नको होती का?”

“तसं न्हाई गं पोरी,” सारजाबाई डोळे पुसत म्हणाली. “हरिओमच्या पाठीवर मला बी एक लेक पाह्यजे हुती.”

आणि बाळाला घ्यायला तिनं दोन्ही हात पुढे केले.