एका पायाची पँट

मालवणात दांडीच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवर मथुराचं शिवणाचं दुकान आहे आणि तिथल्या टेपला बायका जरा वचकूनच असतात. माप देताना कुणी पोट आत ओढलं, की मथुरा टेप धरून तशीच उभी राहते, श्वास सुटेपर्यंत. मग आकडा मोठ्याने वाचते, बाहेर उभ्या असलेल्यांनाही ऐकू जाईल असा. पण तिचं ब्लाउज काखेत कधी धरत नाही, म्हणून सगळ्या मुकाट परत येतात. प्रत्येक कपड्याला ती 'मथुरा' असं भरलेली बोटभर पट्टी लावते, तीही आतून. नाव मिरवायचं कशाला, कपडा बसला की लोकांना कळतंच, असं तिचं म्हणणं.

गावात स्कुबाच्या बोटी वाढल्या, तसे त्यांचे उसवलेले रबरी सूटही तिच्याकडे यायला लागले. त्या जाड कापडाने पहिल्या आठवड्यात सात सुया मोडल्या, पण आठव्या सुईला मथुराने त्याला वठणीवर आणलं. आता बंदरावरचा एकही सूट तिच्या हाताखालून गेल्याशिवाय पाण्यात जात नाही.

तिची सून दीपिका डोंगरातल्या आंबोलीची. लग्न होऊन आली तेव्हा समुद्राकडे पाठ करून मासे निवडायची. तिला पोहायला शिकवलं निलेशने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, खाडीत. दोन वर्षांत तो मागे पडायला लागला आणि त्याने शर्यती लावणंच बंद केलं. मूल झालं, ते चालायला लागलं, आणि दीपिका पुन्हा पाण्यात उतरली. त्यात बोटीवर येणाऱ्या बायका बाईच गाईड मागायला लागल्या. बोटवाल्याने सांगितलं, दीड महिन्याने परीक्षा आहे, पास झालीस तर जागा तुझी. मथुराने ही बातमी बाजारात एकाच माणसाला तीन-तीनदा सांगितली होती.

आणि मग एका दुपारी दीपिकाने दुकानाचं दार लोटून घेतलं आणि मोबाइल पुढे केला. त्यात एक बाई रबरी पँट घालून घाम गाळत होती. अशाने मांडीवरचं सेल्युलाइट जातं, असं ती छातीठोकपणे सांगत होती. मथुराला 'शेलाटी' ऐकू आलं. शेलाटी व्हायचं असेल तर भात कमी खा, असं ती म्हणणार होती, तेवढ्यात दीपिकाने गाऊन वर करून मांडीची मागची बाजू दाखवली. तिथे बारीक बारीक खळगे होते.

तेव्हा मथुराच्या डोक्यात प्रकाश पडला. बोटीवरचे सगळे गाईड ढोपराच्या वरचे आखूड सूट घालतात. बोटवाल्याकडे दीपिकाच्या मापाचा होता तो जुना, पायघोळ. तो कापायला म्हणून दोन आठवडे खुंटीला लटकत होता आणि रोज दीपिका म्हणायची, उद्या कापा. बोटीच्या शिडीवर मागून चढणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पुढच्याच्या मांड्या येतात. हे खळगे गेले नाहीत तर परीक्षेलाच बसणार नाही, असं तिने सरळ सांगितलं. जुन्या फाटक्या सुटांचं कापड घरात पडलेलंच होतं, त्याची पँट तेवढी हवी होती.

मथुराचं डोकं तडकलं. लग्नाआधी बारा वर्षं ती काजूच्या कारखान्यात भट्टीशेजारी बसलेली.

"घामान ह्या गेला असता तर आमच्या भट्टीवरच्या बायकांच्या मांडयो आरशासारक्यो झाल्यो असत्यो," ती म्हणाली.

दीपिका हळूच म्हणाली की त्या बायकांच्या मांड्या कुणी बघितल्या होत्या? निरुत्तर होणं मथुराला मुळीच सोसत नाही. तिने गळ्यातला टेप काढला.

"पँट शिवतंय, पण एकाच पायाची. डावो पाय रबरात, उजवो सुती कापडात. महिन्यान टेप सांगात ता खरा. फरक पडलो तर दुसरो पाय मी जागून शिवान."

अशी ती विचित्र पँट शिवली गेली. रोज सकाळी ती घालून दीपिका तासभर अंगण झाडायची, विहिरीचं पाणी ओढायची. दुपारी निलेशबरोबर पोहायला. पहिल्या दिवशी पँट उतरवली तेव्हा डावी मांडी पाव इंच कमी भरली, कातडीही गुळगुळीत. दीपिकाचा चेहरा उजळला. मथुराने तिला आधी कोकम सरबत पाजलं, दोन पेले, आणि जेवणं झाल्यावर पुन्हा टेप लावला. पाव इंच परत आला होता. गेलं होतं ते पाणी, आणि गुळगुळीतपणा म्हणजे घट्ट मोज्याचा वळ उमटतो तसला. खळगे आपापल्या जागी हजर होते.

तरी दीपिका महिनाभर चिकाटीने ती पँट घालत राहिली. शेवटच्या मापाच्या दिवशी मथुराला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आज टेप खोटं बोलला तरी चालेल. टेप खोटं बोलला नाही. दोन्ही मांड्या सारख्या, आणि दोन्ही अर्धा इंच वाढलेल्या, पोहून पोहून. खळगे दोन्हीकडे तसेच. नेहमी आकडा मोठ्याने वाचणारी मथुरा त्या दिवशी जेमतेम पुटपुटली.

परीक्षेच्या दिवशी सकाळी दीपिकाने खुंटीवरचा सूट काढला, न कापलेला, तसाच्या तसा, आणि निघून गेली. परीक्षेला गेली की बोटवाल्याला सूट परत करायला, हे विचारायची मथुराची छाती झाली नाही. त्या दिवशी तिने एका ब्लाउजची बाही उलटी लावली. उसवली, आणि पुन्हा उलटीच लावली.

दुपारी दीपिका दारात उभी राहिली. केस ओले, हातात सूट. पाण्यात शिकवणारा लवू चांगला शंभर किलोचा गडी. तो परीक्षेत बेशुद्ध पडल्याचं सोंग घेतो आणि त्याला ओहोटीच्या ओढीविरुद्ध बोटीपर्यंत ओढत आणायचं असतं. तिच्या आधी दोन पोरगे अर्ध्या वाटेत थांबले होते. दीपिकाने त्याला शिडीपर्यंत आणला. जागा तिची झाली होती. वर आल्यावर लवूने सगळ्यांसमोर विचारलं होतं, पायांत एवढा जोर आणला कुठून?

सांगता सांगता तिने सूट मथुराच्या पुढ्यात ठेवला.

"ह्याच पायांनी हाडलंय त्येका, आई. आणि ह्येच पाय माका लपवूचे होते."

आंबोलीची पोर, समुद्राकडे पाठ करून बसणारी. माझी सून, असं मथुरा मनात दोनदा म्हणाली.

"दुसरो पाय शिवू नकात," दीपिका म्हणाली. "ह्यो सूट कापा. ढोपराच्या वर."

मथुराने मोठी कात्री घेतली. दोन्ही पाय कापले, काठ दुमडून पक्की टीप घातली आणि डब्यातून नावाची पट्टी काढली. सवयीने सूट उलटा करायला घेतला, थांबली, आणि पट्टी बाहेरून लावली, उजव्या मांडीवर, अगदी काठाला.

दीपिका बघतच राहिली. "आई, थंय लावलात? लोक मांडयेकडे बघतले."

मथुराने दाताने दोरा तोडला.

"बघांदेत," ती म्हणाली.