पुटपुटण्याची साथ

मुलीने मिठाची बाटली, फळांची टोपली आणि कालचा पेपर बाजूला सारला, जेवणाच्या टेबलावर दोन छोटे स्पीकर मांडले आणि त्यांच्या वायरी लॅपटॉपला जोडल्या.

"काका, तुम्ही इथे बसा. बरोबर मध्ये."

काका बसले. चष्मा पुसून नाकावर चढवला, कोरा कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढून मागे खोचलं. परीक्षणाला बसायचं म्हटलं की त्यांचा हा थाट ठरलेला होता. मग समोर थिएटरचा पडदा असो नाहीतर घरातलं जेवणाचं टेबल.

ही मुलगी साउंड रेकॉर्डिस्ट होती, म्हणजे शूटिंगच्या जागी कानाला हेडफोन लावून आवाज टिपणारी. आणि काका ‘भिंगाखाली’ नावाचं सदर लिहीत. ज्या चित्रपटांची पोस्टरं फार तर दोन भिंतींवर लागतात आणि जे शुक्रवारी येऊन सोमवारी कुठे गेले ते कुणाला कळतही नाही, अशा चित्रपटांवर ते रविवारच्या पुरवणीत लिहायचे. आधी चार ओळींत गोष्ट, मग ‘जमेच्या बाजू’, मग ‘उणिवा’. भीड कुणाची ठेवत नसत, आणि उगाच कुणाला झोडपतही नसत. पैसे संपल्यामुळे घाईत उरकलेला शेवट कुठला आणि दिग्दर्शकाला सुचलाच नाही म्हणून फसलेला शेवट कुठला, हे त्यांना बरोबर कळायचं. छोटे चित्रपट काढणारी मंडळी त्यांना भिंगकाका म्हणत, आणि ओघानेच त्यांच्या बायकोला काकू.

"तुमचं परीक्षण मला पाठ झालंय," मुलगी म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "‘संवाद पुटपुटल्यासारखे येतात. चांगल्या चित्रपटाचा ध्वनिमुद्रणाने घात केला आहे.’ आमच्या चित्रपटावर तेवढं एकच परीक्षण आलं. दुसऱ्या कुणी बघितलाच नाही."

"चित्रपट चांगलाच आहे," काका म्हणाले. "मी तसं लिहिलंय. पण गं, चूक ती चूक."

"भांडायला नाही आले मी. मला ती चूक सापडत नाहीये. हेडफोन लावून ऐकलं, थिएटरमध्ये जाऊन ऐकलं, मैत्रिणीच्या गाडीत ऐकलं. मला तर सगळं नीट ऐकू येतं." तिने उगीचच एक स्पीकर सरळ केला. "म्हणजे माझेच कान गेलेत, असं ना? पुढच्या चित्रपटाच्या दिग्दर्शकानेही वाचलंय. विचारत होता, की नक्की जमेल ना तुला. आज संध्याकाळी त्याला सांगायचंय. तुम्ही फक्त बोट ठेवून दाखवा, इथे चुकलंय म्हणून. ते मला तरीही ऐकू आलं नाही, तर मी त्याला नाही म्हणणार. हे काम सोडून बहिणीच्या दुकानात बसेन."

काकू दारात उभ्या राहून हे ऐकत होत्या. एवढं बोलून मुलीने मान खाली घातली, तेव्हा काही न सुचून त्या म्हणाल्या, "चहा टाकते," आणि आत गेल्या.

चित्रपट दोन भावांच्या सायकल-दुरुस्तीच्या दुकानाचा होता. काकूंनी तो पाहिला नव्हता. तो लागला तेव्हा त्या लेकीकडे होत्या. लेकीचं बाळ तेव्हा महिन्याचंही नव्हतं, त्यामुळे जवळजवळ दोन महिने त्यांचा मुक्काम तिकडेच होता. एरवी काकांबरोबर प्रत्येक चित्रपटाला त्या असायच्याच, थिएटरमध्ये नाहीतर घरात. काका कागदावर काहीतरी खरडत असायचे, मधेच मान वर करून "काय म्हणाला?" असं विचारायचे, आणि काकू सांगायच्या. लिहिण्याच्या नादात ऐकायचं राहतं, अशी काकूंची पक्की समजूत होती. सगळं शब्दशः कुठे सांगत बसायचं? त्या आपल्या भाषेत थोडक्यात सांगून टाकायच्या.

गॅसवर पाणी ठेवलं. वरचा पंखा घरघरत होता. बाहेर चित्रपट सुरू झाला, सायकलची साखळी फिरल्याचा, मग शटर अर्धं उचलल्याचा आवाज आला. मग एक बाई बोलली. पोर झोपलेलं असताना बोलावं तशी, दबक्या आवाजात.

"किल्ली तो कुठे ठेवायचा, हे मला विचारताय? भाऊ तुमचा होता."

काकूंचा साखरेच्या डब्याकडे जाणारा हात तिथेच थांबला. वाक्य चांगलं होतं.

"हे बघ, इथे," बाहेरून काका म्हणाले. "हीच ती जागा. काय बोलली ती? नुसती पुटपुटली."

काकूंनी गॅस बारीक केला. आपल्याला काहीतरी भलतंच ऐकू आलं असावं, असं आधी त्यांना वाटलं. मुलीने तो प्रसंग मागे नेऊन पुन्हा लावला. पुन्हा तेच वाक्य भिंतीपलीकडून, पंख्याच्या घरघरीतून अख्खंच्या अख्खं आत आलं.

"आता?" मुलगी विचारत होती.

"अंहं."

काकू ओट्याला टेकल्या. त्या लेकीकडे होत्या त्या दिवसांत काकांनी जेवढे चित्रपट पाहिले, तेवढ्यांचा आवाज वाईट होता. काकांनी त्यावर एक वेगळा लेखही लिहिला होता, की यंदा छोट्या चित्रपटांना पुटपुटण्याची साथ आली आहे. लेकीने तो मोठ्याने वाचून दाखवला होता आणि दोघी मायलेकी हसल्या होत्या. काकू परत आल्या आणि साथ ओसरली. हे दोन धागे जोडायचं काकूंच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. फोनवर ऐकू येत नाही ते नेटवर्कमुळे, शेजारच्यांचं कळत नाही कारण ते तोंडातल्या तोंडात बोलतात, आणि टीव्ही तर जुनाच झालाय. काकांकडे प्रत्येक गोष्टीला कारण तयार असायचं आणि काकूंना ते पटायचंही.

बाहेर मुलीने आवाज वाढवला. आणखी वाढवला. चहाचं पाणी उकळत ठेवून काकू दारात आल्या.

"आता?"

"थोडा अजून."

मुलीने पुन्हा वाढवला. टेबलावरची मिठाची बाटली थरथरायला लागली. पडद्यावरची बाई आता दबकं बोलत नव्हती, अख्ख्या इमारतीला ओरडून सांगत होती की भाऊ तुमचा होता. खालच्या मजल्यावरून कुणीतरी काठीने छत ठोकलं. काका मात्र खुर्चीत पुढे झुकले होते आणि त्यांचा चेहरा खुलला होता.

"हां. आता कसं स्वच्छ आलं. हाच आवाज ठेवायला हवा होता तू. किती सुंदर बोलते ती बाई. उगीच वाया गेलं सगळं."

काकूंचे दोन्ही हात कानांवर होते. मुलीने वळून त्यांच्याकडे पाहिलं, मग काकांकडे, आणि मग पुन्हा काकूंकडे. काही विचारायची गरज उरली नव्हती. मुलीने हळूच चित्रपट बंद केला. तिचा जीव भांड्यात पडला होता, हे कुणालाही दिसलं असतं. पण लगेच तिचा चेहरा पुन्हा उतरला.

"बरोबर आहे काका," ती मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत म्हणाली. "मीच कमी ठेवला. चूक माझीच."

"होतं असं. पुढच्या वेळी सांभाळ," काका म्हणाले आणि त्यांनी कागदावर काहीतरी टिपून घेतलं.

मुलगी वायरी गुंडाळायला लागली. काकूंना वाटलं, आता हिला असंच जाऊ दिलं तर कुणाचं काय बिघडतंय? हिला कळलं की हिचे कान शाबूत आहेत. हिला तेच हवं होतं. आणि बोलावं तर यांचं सदर गेलं. पुरवणीचा संपादक ती जागा घरांच्या जाहिरातींना द्यायला टपूनच बसला होता. कमी ऐकू येणाऱ्या समीक्षकाला कोण लिहू देणार? आणि शुक्रवारचा चित्रपट आणि रविवारचं सदर काढून घेतलं तर या माणसाच्या आठवड्यात उरतं काय?

पण छापलेलं परीक्षण तसंच राहणार होतं. संध्याकाळी तो दिग्दर्शक विचारणार, आणि ही त्याला काय सांगणार? भिंगकाका बहिरे झालेत, असं ती बाहेर कुठे बोलणार नाही, हे तिच्या तोंडाकडे बघूनच कळत होतं. एवढीशी पोर आमच्या म्हाताऱ्याची लाज राखायला खोटं बोलून निघाली होती. काकूंना स्वतःचीच लाज वाटली.

"थांब गं," त्या म्हणाल्या. "तो आवाज होता तसा कर. पहिल्यासारखा. आणि ते पुन्हा लाव."

"काकू, राहू दे ना."

"लाव म्हणते ना."

मुलीने लावलं. काकू काकांच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि बाई बोलून थांबली तसं त्यांनी ते वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

"अहो, हे मला स्वयंपाकघरातून ऐकू आलं. पंखा चालू असताना. आणि मघाशी तुम्ही ‘स्वच्छ’ म्हणालात तेव्हा खालच्यांनी छत ठोकलं. ते आलं का ऐकू?"

"कुणी ठोकलं?" काका म्हणाले.

काकांनी मुलीकडे पाहिलं. ती हातातल्या वायरीच्या वेटोळ्याकडे बघत होती. ते हसले, म्हणजे हसायला गेले. "स्वयंपाकघरातून," ते स्वतःशीच म्हणाले. चष्मा काढला, पुन्हा घातला. नजर उगीचच स्पीकरवरून फिरवली, जणू दोष अजूनही तिथे कुठेतरी सापडेल. काकूंना वाटलं, आता चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त एवढंच म्हणाले, "आणि मी हिला घातकी ठरवलं."

"तुम्ही मला नव्हतं म्हटलं, काका. ध्वनिमुद्रणाला म्हटलं होतं," मुलगी म्हणाली.

"ते काय आपोआप होतं का?" काकांनी पेनाचं टोपण लावलं. "त्या दिग्दर्शकाला फोन लाव. आत्ताच्या आत्ता."

फोन लागल्यावर त्यांनी आपलं नाव सांगितलं आणि भाषण ठोकल्यासारखं सलग बोलून टाकलं. त्या परीक्षणातली उणीव मी मागे घेतोय. येत्या रविवारी तसं छापून येईल, कारणासकट. मुलीचं काम चोख आहे, ऐकणाऱ्याचे कान चोख नव्हते. एवढं बोलून त्यांनी फोन कानाला घट्ट दाबून धरला, कपाळाला आठ्या घातल्या आणि मग तो काकूंपुढे केला. "काय म्हणतोय बघ."

काकूंनी ऐकून घेतलं. "हो," म्हणाल्या, "हो हो," म्हणाल्या, "सांगते त्यांना," म्हणाल्या. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता. शेवटी त्यांनी फोन मुलीला परत दिला.

"तिलाच घेतोय म्हणाला."

"एवढंच?" मुलगी म्हणाली. "इतका वेळ बोलत होता की तो."

"बाकीचं पाल्हाळ होतं. मनाचा मोठेपणा वगैरे."

मुलगी हसली, आणि हसता हसताच तिने ओढणीच्या टोकाने डोळे पुसले. चहा घेऊन ती गेली. जाताना दोघांच्या पाया पडायला वाकली, तर काकांनी तिला मधेच धरून उभं केलं.

ती गेल्यावर काका तिथेच बसून राहिले. काकू कप गोळा करत होत्या. सदर जाणार, हे दोघांनाही माहीत होतं आणि त्यावर बोलायची दोघांनाही घाई नव्हती.

"तू नेहमी असंच सांगतेस?" काकांनी विचारलं.

"कसं?"

"आत्ता फोनवरचं सांगितलंस तसं. तुझ्या शब्दांत."

"मग? लिहून घेऊन वाचून दाखवू?"

काकांनी समोरचा कागद बाजूला सारला. मग जरा चाचरत म्हणाले, "मागच्या वर्षीचा तो पुलावरच्या चौकीदाराचा चित्रपट. शेवटी त्या म्हाताऱ्याला गाडीत घालून दवाखान्यात नेतात. बायको दारात उभी असते आणि म्हणते, ‘तुम्ही व्हा पुढे, मी दार लावून येते.’ वर्षातलं सगळ्यात चांगलं वाक्य म्हणून मी ते छापलं होतं. ती नक्की काय म्हणाली होती?"

काकूंनी हातातले कप पुन्हा टेबलावर ठेवले.

"काही नाही."

"म्हणजे?"

"ती बोललीच नाही काही. नुसती उभी होती. तुम्ही विचारलंत, काय म्हणाली. मी बोलून गेले."

"त्या दिग्दर्शकाने फोन करून आभार मानले होते माझे."

"त्यालाही आवडलं असेल."

काका बायकोकडे बघत राहिले. इतकी वर्षं ती शेजारच्या खुर्चीवर बसत होती, आणि ते पडद्याकडे बघत होते.

"कसं सुचलं तुला ते?" त्यांनी विचारलं. आपण हळू बोललो की मोठ्याने, हे त्यांना कळलं नाही.

"त्यात सुचायचंय काय," काकू म्हणाल्या. "मी असते तर तेच म्हणाले असते."

हे त्यांनी मुद्दाम मोठ्याने म्हटलं, काकांना ऐकू जाईल असं, आणि त्या कप विसळायला आत गेल्या.