खिडकीजवळच्या मशीनचं नाव

त्या शिवणखात्यात नाव बाईचं नसायचं, मशीनचं असायचं. एकदा कुणाला टोपणनाव चिकटलं की ती बाई गेली तरी ते तिथेच राहायचं आणि पुढे जी बसेल तिच्या माथी यायचं. मधल्या मशीनवरच्या 'आजीबाई' तर आत्ता कुठे विशीतल्या होत्या. आता बोला!

खिडकीजवळची ती चिमणी. मूळची चिमणी दारात मावणार नाही एवढी धिप्पाड बाई, म्हणून तर चिमणी! ती अचानक वारली आणि तिच्या जागी तिची लेक आली. पहिल्याच दिवशी मागून हाक आली, "चिमणे, दोरा दे गं!" लेकीने मान वळवून आईला शोधलं. मग तिनेच ओ दिली. घरात आईला हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. इथे दिवसभर मारत होते. त्या हाकेसाठी ती कामावर यायची म्हणा ना.

म्हणूनच काही वर्षांनी खात्याचे मास्तर तिला कापणीच्या टेबलावर घ्यायला निघाले, तेव्हा ती अडून बसली.

"अगं, या कामासाठी बाया देव पाण्यात घालून बसतात!" मास्तर वैतागले.

"मग चिमणी कोण?"

"येईल की नवी."

"तेच नकोय मला," म्हणत ती ढसाढसा रडली. मास्तरांना काही उमजेना. पण त्यांनी आपलं तेच खरं केलं आणि खिडकीजवळ एक काडीपैलवान पोरगी आणून बसवली.

कापणीचं टेबल खिडकीकडे पाठ करून होतं. तिने कात्री उचलली न उचलली तोच आजीबाई ओरडल्या, "चिमणे!" तिच्या ओठांवर ओ आलीच होती. ती तिने गिळली.

"ओ!" मागून, आईच्या जागेवरून, आवाज आला.

इतकी वर्षं प्रत्येक हाकेला आपणच ओ देत राहिलो, त्या जागेवरून ओ आजवर ऐकू येणार तरी कशी होती? ती वळली नाही. वळली असती तर ती पोरगी दिसली असती.

दुपारपर्यंत तिने कसाबसा दम धरला. मग कापडावर हात ठेवून, पाठमोरीच, तिने पहिल्यांदा स्वतः हाक मारली.

"चिमणे..."

"ओ! काय हवंय?"

काय हवं होतं, ते कुणाला सांगणार?

"काही नाही गं," ती म्हणाली. "नुसती हाक मारली."