डावीकडचे दोन आटे

गिरणीच्या क्लबाचं मैदान अकरा वर्षं मायाप्पानं राखलं होतं. सोलापुरात हिरवळ सांभाळायची म्हणजे उन्हाशी रोजचं भांडण. दुष्काळाच्या सालात तर न्हाणीघरांचं सांडपाणी बादल्यांनी वाहून त्यानं ती हरळी जगवली. गवत कापायचं यंत्र ओढायला एक खिलार बैल होता, नंद्या. मैदानावर खुरं उमटू नयेत म्हणून त्याच्या चारी पायांत चामड्याचे बूट चढवावे लागत. मायाप्पा खाली बसला की नंद्या आपण होऊन एकेक पाय उचलून देई, आणि रस्त्यानं जाणारे थांबून हसत.

त्या साली बैलांचा सण बेंदूर झाला, आणि नंद्याच्या शिंगांवरचा हिंगुळाचा लाल रंग उडायच्या आत पुण्याहून नवं यंत्र आलं. वर बसून चालवायचं. मॅनेजर अण्णारावसाहेबांनी स्वच्छ सांगितलं, रविवारी कमिटीसमोर मायाप्पानं मैदान कापून दाखवायचं. नीट कापलं तर यंत्र ठेवायचं आणि बैल जेऊरच्या रावजी नावाच्या शेतकऱ्याला द्यायचा. नाही जमलं तर यंत्र आल्या वाटेनं परत.

सोबत आलेल्या मेकॅनिकनं तीन दिवस शिकवलं. क्लच दाबून चावी फिरवायची, गाडी चालती झाल्यावरच पात्याचा दांडा पुढं ढकलायचा. पात्याखाली हात घालायच्या आधी प्लगची वायर काढायची. पात्याची पेटी दोन्ही बाजूंनी बोल्टांवर लटकलेली. सपाट फरशीवर मोजून बघायचं आणि एखादी बाजू खाली असली तर नट आवळून वर घ्यायची. मायाप्पाला सगळं पहिल्या दिवशीच कळलं, आणि कळलं याचीच त्याला लाज वाटली.

शनिवारी मायाप्पाच्या बायकोचा, तानाबाईचा उपास होता. दिव्यात तेल घालता घालता ती नवऱ्याला म्हणाली, "जमत न्हाय म्हणा की. पन्नाशीच्या माणसाला कोण नावं ठेवतंय?"

 मग तिनंच सांगितलं, की यंत्र बंद पडू दे असं सिद्धेश्वराला म्हणायला ती बसली होती, पण दुसऱ्याचं मोडू दे असं देवाला कसं मागायचं? म्हणून नुसतं, नंद्याचं बरं कर, एवढंच मागून ती उठली.

देवाला जे मागता आलं नाही ते मायाप्पानं रविवारी सकाळी पान्यानं केलं. मेकॅनिक आंघोळीला गेला होता. डावीकडचा नट त्यानं दोन आटे सैल केला आणि हात धोतराला पुसले.

कमिटीची मंडळी व्हरांड्यात चहा घेत बसली. मायाप्पा यंत्रावर चढला, पहिला पट्टा कापत भिंतीपर्यंत गेला आणि वळला. वळताना त्याची नजर खाली गेली. डाव्या अंगाची हरळी मुळापासून खरवडून निघाली होती, पांढरी मुळं उघडी पडली होती. जावळ काढताना तान्ह्या पोराला वस्तरा लागावा तसं त्याला झालं. असे आणखी पाच-सहा पट्टे निघाले असते की यंत्र गेलंच असतं. हे तो जाणून होता. मनाशी म्हणतही होता, चल, चल, एवढंच. दुसऱ्या पट्ट्याच्या अर्ध्यावर त्याच्याच पायानं क्लच दाबला.

 त्यानं पात्याचा दांडा मागं घेऊन यंत्र फरशीवर आणलं आणि बंद केलं. उतरून वायर काढली. दोन्ही बाजूंचं अंतर बोटानं मोजलं आणि नट आवळला, बरोबर दोन आटे. मग वायर जोडून पुन्हा बसला आणि खरवडलेला भाग सोडून बाकीचं सगळं मैदान एकसारखं कापून काढलं. इतकं सुरेख ते कधी नंद्याच्यानंही कापलं गेलं नव्हतं.

अण्णारावसाहेब पायऱ्या उतरून खाली आले. मेकॅनिक बसून राहिला आणि खोट यानं ओळखली, असं सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले. आता यंत्राची काळजी मिटली, असंही म्हणाले.

"साहेब, त्यो नट म्याच सैल केलता," मायाप्पा म्हणाला.

"शिकताना व्हायचंच. दुरुस्त करता आला ना? झालं तर."

 मग बैल माझ्याकडे राहू दे का, असं मायाप्पानं विचारलं. पण गिरणीच्या चाळीतल्या एका खोलीत बैल बांधणार कुठं, असं साहेबांनीच उलट विचारलं.

बुधवारी रावजी ट्रक घेऊन आला. माणूस वाईट नव्हता. येताना त्यानं पेंड आणली होती, बैलाच्या पाठीवरून हातही फिरवला. पण ट्रकला लावलेल्या फळीवर नंद्या पाय ठेवीना. रावजीबरोबरच्या दोघांनी मागून रेटलं, एकानं शेपूट पिळलं. बैल जागचा हलला नाही. नुसता मायाप्पाकडे बघत राहिला.

शेवटी रावजी घाम पुसत म्हणाला, "मामा, तुमीच चढवा की. तुमचं ऐकतंय ते."

मायाप्पानं दावं हातात घेतलं आणि आधी स्वतः वर चढला. मागं वळून बघायची गरजच नव्हती. खुरांखाली फळी वाजायला लागली होती.