टोपणाची वाटणी

निब. प्रफुलच्या वडिलांच्या जुन्या पेनाला ती नव्हती. वर्ध्याच्या पेनवाल्यानं डबे उपसून एक शोधून दिली.

जीभ. निबेखालची, शाई आणणारी. तीही त्यानं तासून बसवली.

टोपण. इथं प्रफुल दमला. वडील, अण्णाजी, गेल्यावर दोघा भावांनी घर, दुकान, भांडी अर्धी-अर्धी केली. पेन एकच होता, म्हणून नळी प्रफुलकडे आली आणि टोपण धाकट्या धर्मेंद्रकडे. तेव्हापासून बोलणं नव्हतं. तरी प्रफुल सेलूला त्याच्या घरी गेला.

"टोपण दे रे. बाबाचा पेन पुरा करून राह्यलो. निब, जीभ बसवून झाली."

"आता आठवला काय बाबा?" धर्मेंद्रनं खिशातून पेन काढला. टोपण तेच, सोनेरी क्लिपचं. खाली नवी निळी नळी. "म्या मागच्याच वर्षी पुरा करून घेतला."

"मले इचारलं काऊन नाई?"

"तुनं इचारलं, जीभ बसवताना?"

भावजयीनं आणलेला चहा प्रफुलनं संपवला. मग एसटी स्टँडवर उन्हात उभं राहून पेनवाल्याला फोन लावला.

"नवं टोपण बनवून टाका."

"रंग कोणता देऊ?"

"कोणताही द्या."