चौदा नंबरची लेस

मुलांच्या फुटबॉल सामन्यात बदली खेळाडू आत घ्यायची माझी पद्धत ठरलेली. चेंडू बाहेर गेल्याशिवाय नाही. यायचं ते मध्यरेषेवरूनच. आधीचा खेळाडू पूर्ण बाहेर पडायला हवा. आणि मी हात केल्याशिवाय तर नाहीच नाही. पाठीमागे सगळे मला ‘हेडमास्तर’ म्हणतात. म्हणोत बापडे.

रेफरीच्या अर्जावर एक प्रश्न असतो : संघात कोणी नातेवाईक आहे का? त्या रविवारी आयुष्यात पहिल्यांदा मी तिथे खोटं लिहिलं. निळ्या संघातली चौदा नंबर माझी नात. वय नऊ. दोन वर्षांची असताना पाहिलेली, त्यानंतर थेट त्या दिवशी. मुलाने बोलणंच टाकलंय. शाळेत असताना एका सामन्यात तो माझ्या इशाऱ्याआधीच आत धावला आणि मी सगळ्यांदेखत त्याला पिवळं कार्ड दाखवलं. तेवढ्यावरून कोणी बापाला तोडत नाही. पण मी घरातही असाच वागलो, तोंडात शिट्टी तेवढी नव्हती.

मला तिला एकदा खेळताना बघायचं होतं. बस्स.

आणि ती बाकावर! बदली मागायची प्रशिक्षकाने. रेफरीला ‘हिला पाठवा’ म्हणता येत नाही. मी नुसता धावत राहिलो. कुंपणापलीकडे मुलगा उभा होता, मला पाहून न पाहिल्यासारखं करत.

चार मिनिटं उरली तेव्हा ती मध्यरेषेशी येऊन उभी राहिली. आता चेंडू बाहेर जाईना. शेवटी एका पोराने तो कुंपणापार उडवला. त्याला मिठीच मारावीशी वाटली.

“बूट दाखव,” मी म्हणालो. बुटांचे तळ तपासावे लागतात. एक पाय, मग दुसरा. दुसऱ्याची लेस सुटलेली. एरवी ‘बांधून ये’ म्हणून मी परत पाठवतो. त्या दिवशी खाली बसलो आणि माझी नेहमीची गाठ मारली. कितीही ओढा, ती घट्टच होते. आतलं टोक खाली खेचलं तरच सुटते. मुलाला पाचव्या वर्षी शिकवली होती. त्या दिवशी मात्र दोनदा चुकली, तिसऱ्यांदा नीट बसली.

“ओ सर, बूट शिवताय का?” लाल संघाचा प्रशिक्षक ओरडला.

घड्याळ पाहिलं. तिची दीड मिनिटं मीच खाल्ली होती. नियमाप्रमाणे ती वाढवून दिली, एक सेकंदही जास्त नाही. एवढ्या वेळात तिला चेंडू एकदाच लागला, तोही पाठीत. ती खुदकन हसली. मी डोळे भरून पाहून घेतलं.

सामना संपल्यावर मुलं रांगेने रेफरीशी हात मिळवतात. तिनेही मिळवला.

“थँक यू, सर.”

‘आजोबा म्हण’ असं ओठांवर आलेलं गिळलं.

ती धावत कुंपणाशी गेली आणि बूट काढायला बसली. “बाबा, सुटतच नाहीये! सरांनी कशी बांधलीय बघ ना.”

तो वाकला. क्षणभर गाठीकडे बघत राहिला. मग आतलं टोक धरून एका झटक्यात सोडवली. इतक्या वर्षांनीही टोक चुकला नाही.

माझ्याकडे मात्र त्याने वळून पाहिलं नाही.