आकाराम मास्तरांनी न वाचलेली पुस्तकं

सयाजीनं सतरा वर्षांत एकशे अठ्ठेचाळीस खून केले होते आणि आता त्याला त्याचा वीट आला होता. वर्षाला आठ-नऊ पुस्तकं, प्रत्येकी सोळा-सोळा पानांचे आठ फर्मे, म्हणजे एकशे अठ्ठावीस पानं. पहिल्या फर्म्यात प्रेत सापडायचं, सातव्यात भलताच माणूस पकडला जायचा आणि आठव्यात इन्स्पेक्टर सगळ्यांना एका खोलीत बसवून खुन्याचं नाव सांगायचा. शहाण्या माणसानं हा उद्योग केव्हाच सोडला असता. सयाजीला दुसरं काही येत नव्हतं, आणि येतंय का हे बघायला सवड मिळाली नव्हती.

त्याचे वडील आकाराम मास्तर निवृत्त हेडमास्तर. गडमुडशिंगीच्या घरात सोप्यावर, म्हणजे पुढच्या ओसरीवर, त्यांचं टेबल होतं. नव्या पुस्तकाची पहिली प्रत सयाजी त्या टेबलावर, चष्म्याच्या डबीशेजारी ठेवायचा. आठ दिवस ती तिथंच पडून राहायची, मग सयाजीची बायको धूळ झटकून ती ट्रंकेत टाकायची. मास्तरांनी कधी बरं म्हटलं नाही की वाईट म्हटलं नाही. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं, निदान वाचलं एवढं तरी कळलं असतं. गेल्या वर्षी काचबिंदूनं मास्तरांचे दोन्ही डोळे गेले. डॉक्टरांनी तसं सांगितलं तेव्हा सयाजीच्या मनात पहिल्यांदा काय आलं, तर आता हे माझं कधीच वाचणार नाहीत. त्याची त्याला लाज वाटली आणि ती गोष्ट त्यानं बायकोलाही सांगितली नाही.

एकोणीसशे नव्याण्णवच्या मार्चमध्ये लक्ष्मीपुरीतल्या मृत्युंजयचा निरोप आला. मृत्युंजयची भाड्यानं पुस्तकं देणारी लायब्ररी होती, बापाच्या वेळेपासूनची. घरोघर केबल आली आणि संध्याकाळी पुस्तक बदलायला येणारी माणसं हळूहळू यायची बंद झाली. आता तिथं मोबाईलचं दुकान निघणार होतं.

“या, सयाजीराव,” मृत्युंजय म्हणाला. “रद्दीवाला उद्या येतोय. तुमची तेवढी बाजूला काढलीत, घिऊन जावा.”

“माझ्याकडं हायत की एकेक प्रत.”

“ती कोरी असतील. ही माणसांनी वाचलेली हायत.”

वाचलेली म्हणजे कशी, ते पानं उलटली की दिसत होतं. रहस्यकथा वाचणाऱ्याला पुस्तकाचं नाव लक्षात राहत नाही. शंभरातली नव्वद सारखीच असतात, तेव्हा त्यात वाचकाचा दोष नाही. पण तेच पुस्तक दुसऱ्यांदा घरी नेलं तर पैसे पाण्यात. म्हणून लायब्ररीचा प्रत्येक जुना वाचक पुस्तकात आपापली खूण करून ठेवायचा. कुणी एकविसाव्या पानाच्या आकड्याला गोल करायचा, कुणी कोपऱ्यात फुली मारायचा, आणि शिवाजी पेठेतल्या एक धोंडुबाई नवव्या पानाला हळदीचं बोट लावायच्या. पुस्तक हातात घेतलं की माणूस आधी आपली खूण शोधायचा. सापडली, की पुस्तक परत फळीवर. मृत्युंजयला या सगळ्या खुणा पाठ होत्या.

सयाजीनं दुसऱ्याच कुणाचं तरी एक पुस्तक सहज उचललं. शेवटच्या पानाच्या तळाशी लाल पेन्सिलीनं, मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं, सहा बटे दहा. दुसरं उचललं, त्यात चार बटे दहा. तिसऱ्यात साडेपाच. त्यातला सहाचा आकडा सयाजीच्या ओळखीचा होता. त्याची शेपटी अशी उगाच लांबवलेली त्यानं लहानपणी पाटीवर, वहीवर आणि प्रगतिपुस्तकावर पाहिली होती.

“हे कुणाचं?” त्यानं विचारलं.

मृत्युंजयनं जरा वेळ सुतळीचा गुंडा शोधला. मग म्हणाला, “आता काय लपवायचं. मास्तरांचं. दर बुधवारी पेन्शनीचं काम हाय म्हणून यायचे. पिशवीत भाजीच्या खाली दोन पुस्तकं घालून न्यायचे. मला दम दिलता, कुणाजवळ बोलायचं न्हाय म्हणून.”

सयाजी खाली फरशीवरच बसला. आपला गठ्ठा त्यानं सोडला आणि पहिल्यापासून एकेका पुस्तकाचं शेवटचं पान बघायला लागला. पहिल्याच पुस्तकात लाल पेन्सिल होती. सहा बटे दहा. दुसऱ्यात पाच. तिसऱ्यात गुण नव्हते, नुसती आडवी रेघ होती. चौथं कोरं. पाचवं कोरं. पायाला मुंग्या आल्या तरी तो उठला नाही. गोल सापडले, फुल्या सापडल्या, धोंडुबाईंची हळद तर जवळजवळ प्रत्येकात सापडली. लाल पेन्सिल पुन्हा कुठंच नव्हती. त्याच वर्षांतल्या बाकीच्यांच्या भिकारड्या पुस्तकांना मास्तरांनी चार काय, साडेपाच काय, खिरापतीसारखे गुण वाटले होते.

“माझंच वाचायचं का सोडलं त्यांनी?”

“जाऊ द्या की.”

“सांगा.”

“तिसरं परत देताना बोलले,” मृत्युंजय खाली बघत म्हणाला. “म्हणाले, ह्या पोराच्या पुस्तकात खुनी कोण ते मला पयल्या पानावर कळतंय. मी म्हटलं, मास्तर, तुमी हुशार. तर म्हणाले, आरशात बघाय हुशारी कशाला लागती? पुना तुमच्या फळीला हात लावला न्हाय त्यांनी.”

सयाजीनं पहिलं पुस्तक उघडलं. खुनी: संस्थेचे वयोवृद्ध विश्वस्त, बोलण्याआधी मास्तरांसारखाच दोनदा घसा खाकरणारे. दुसरं. खुनी: पोरक्या मुलांना सांभाळणारा मामा, जो चाकूनं पेरूच्या अगदी सारख्या फोडी करायचा. तिसऱ्यात तर सरळ हेडमास्तरच होता, पांढरी टोपी, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या. पुढचं बघायची गरज नव्हती, कारण पुढची त्यानंच लिहिली होती. ज्याच्यावर कुणी संशय घेणार नाही असा शिस्तीचा, देवमाणूस म्हातारा शोधायचा, ही आपली युक्ती आहे असं तो सतरा वर्षं समजत होता. वाचकांना पत्ता लागला नाही, प्रकाशकाला लागला नाही आणि लिहिणाऱ्यालाही लागला नाही.

सहावीत त्याला अर्धा गुण कमी पडला होता. हेडमास्तर बाप होता. तेवढ्याच अर्ध्या गुणासाठी अडलेल्या दुसऱ्या तीन पोरांना वर चढवलं आणि स्वतःच्या पोराला त्याच वर्गात ठेवलं, लोकांनी बोट दाखवू नये म्हणून. गावानं मास्तरांना डोक्यावर घेतलं. सयाजी आपल्यापेक्षा लहान पोरांच्या बाकावर वर्षभर बसला. हे सगळं आपण केव्हाच विसरलो, असं त्याला प्रामाणिकपणे वाटत होतं.

दुपारी दोन वाजता तो लूनावरून घरी आला. प्रकाशकाला उद्या पुस्तक द्यायचं होतं आणि आठवा फर्मा कोराच होता. मास्तर सोप्यावर खाटेवर बसले होते.

“आबा, जरा वाचू काय?”

“पेपर झाला की सकाळी.”

“पेपर न्हाय. माझं हाय.”

मास्तर खाटेवर जरा मागं सरकले. मग भिंतीला नीट टेकून म्हणाले, “वाच.”

सयाजीनं पहिल्या पानापासून वाचलं. एका गुळाच्या व्यापाऱ्याचा बंद खोलीत खून होतो. घरात पुतण्या, जुने म्हातारे दिवाणजी आणि ओळखीचा डॉक्टर. मध्ये बायकोनं दोनदा चहा आणून दिला. घसा बसला तरी सयाजी थांबला नाही. पाच वाजता सातवा फर्मा संपला, पुढं कागद कोरे होते, तेव्हा कागदावर नजर ठेवून तो तोंडानंच सांगायला लागला. इन्स्पेक्टरनं सगळ्यांना बोलावलं. त्यानं सगळ्यांकडे पाहिलं. खून डॉक्टरनं केला होता.

“डॉक्टर त्या दिवशी कुठं हुता?” मास्तरांनी विचारलं.

“चंदगडला.”

“पावसानं एसटी बंद हाय म्हणून तूच लिवलंयस की. मग आला कसा?”

सयाजीनं मागची पानं उलटून पाहिली.

“खोलीची किल्ली कुणापाशी?”

“दिवाणजीपाशी.”

“शेवटी खोलीत कोण गेलतं?”

“दिवाणजी.” सयाजीला एकदम फार दमल्यासारखं झालं. “आबा, दरवेळी म्हाताराच कशाला? एकांदा दुसरा असू दे की.”

मास्तरांचा हात खाटेवर चाचपडत आला आणि कागदांवर थांबला. कोरं पान बोटांना कळावं तसे त्यांनी ते दोन-तीनदा चोळले.

“त्यानं केलंय नव्हं?” ते म्हणाले. “मग त्याचंच नाव लिव. मला सोडवायसाठी दुसऱ्या कुणाला फासावर चढवू नगंस.”

सयाजीनं पेन काढलं. कोरा कागद त्यानं मांडीवर घट्ट दाबून धरला.

“आनि लिवून झालं की मोठ्यानं वाच,” मास्तर म्हणाले. “मधलं काय गाळू नगंस.”